यंत्राचे माप आणि जागते दगड

एकदा एक तरुण सकाळच्या उन्हात एका वृद्धाच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. चपलाही न काढता म्हणाला, "नाना, तुमच्याकडचं सगळ्यात मोठं यंत्र मला पाहिजे. आजच."

वृद्ध शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिले, त्याला ओळखले आणि सोललेले दाणे त्याच्यापुढे सरकवले. "आधी बस."

"बसायला वेळ नाही."

"मग उभ्यानं खा."

या वृद्धांचा व्यवसाय वाचकांना थोडा सांगितला पाहिजे. हल्ली असे खेळ निघाले आहेत की निरनिराळ्या गावची माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक जगात उतरतात. तिथे ठोकळ्यांची घरे बांधतात, शेते पेरतात, गुरे पाळतात आणि काम करता करता एकमेकांशी गप्पा मारतात. ते जग कुठेतरी राहावे लागते. ज्या संगणकावर ते राहते त्याला सर्व्हर म्हणतात. तो अहोरात्र चालू ठेवावा लागतो, म्हणून लोक तो भाड्याने घेतात. कार्य निघाले की मोठी भांडी भाड्याने आणतात, तसा. भांड्यांसारखीच त्याची मापे असतात. लहान घेतला तर जग अडखळते, मोठा घेतला तर रिकामे भांडे घासत बसावे लागते.

नाना आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. निवृत्तीनंतर घरामागच्या थंड खोलीत त्यांनी अशी यंत्रे मांडली होती. एवढा वयस्कर माणूस पोरांना खेळाची यंत्रे भाड्याने देतो, याचे तालुक्याच्या त्या गावाला हसू येई. पण माप सांगावे तर नानांनीच, हेही गाव मान्य करी.

दारात आलेला तरुण हा दोन भावांतला धाकटा. सगळे त्याला धाकटाच म्हणत. नववीत शाळा सोडलेली, मनात आले की पाय उचललेच, विचार मागून धावत येई. त्याचा थोरला भाऊ त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापाने गेला होता. थोरल्याने काही वर्षांपूर्वी नानांकडून एक लहान सर्व्हर भाड्याने घेऊन मित्रांसह एक जग उभे केले होते. त्यात नदी होती, नदीवर पूल, पलीकडे गाव, गावाबाहेर फळबागा, आणि सगळ्याला जोडणारी आगगाडी. थोरला गेल्यावर ते जग धाकट्याच्या हाती आले. घरात त्याचे कपडे होते, हेल्मेट होते, फोटो होता. पण ज्यात थोरल्याचा हात अजून दिसत होता, असे ते जग एकच होते.

"मोठं कशाला हवंय?" नानांनी विचारले.

"दादाचं जग अडखळतंय. दार उघडलं की आपोआप मिटतं. चार पावलं पुढं गेलेला माणूस मागं फेकला जातो. रेवण काल पुलावरून दोनदा नदीत पडला."

रेवण हा थोरल्याचा मित्र, दुधाचा टेम्पो चालवणारा. नाना म्हणाले, "रेवण खऱ्या पुलावरनंही पडेल. पुढं बोल."

"मंडळी वैतागलीत. रविवारपर्यंत नीट झालं नाही तर दुसरीकडं नवं जग मांडणार म्हणाली. तोंडावर सांगितलं मला." धाकट्याने दाणे मुठीत घट्ट धरले होते. "ती गेली तर दादाच्या जगात येणार कोण, नाना?"

"एका वेळी आत किती जण असतात?"

"सहा. कधी सात."

"सात माणसांना हत्ती कशाला?"

"सातच कशाला? दादाच्या ग्रुपवर चारशे माणसं आहेत. तो गेल्यावर सगळ्यांनी लिहिलं, आम्ही येऊ, त्याचं जग बघू."

"आली का?"

"येतील."

हार घालायला आलेली माणसे राहायला येत नसतात, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. नाना उठले, मागच्या खोलीत गेले आणि थोरल्याचे जग त्यांनी आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या यंत्रावर नेऊन ठेवले. भाड्याविषयी धाकटा बोलू लागला तेव्हा म्हणाले, "जा आता. संध्याकाळी मंडळींना बोलव."

धाकटा आनंदाने गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच, चपलांसकट, पुन्हा ओसरीवर उभा राहिला.

"नाना, तुमचं यंत्र खराब आहे."

"असेल. काय झालं?"

"काल आधीपेक्षा वाईट. मेहजबीन तासभर एका जिन्यावर चढत होती. वर पोचलीच नाही. म्हणाली, आमच्या दवाखान्याची लिफ्टसुद्धा यापेक्षा बरी."

मेहजबीन त्या मंडळींतली दुसरी. जिल्ह्याच्या गावी परिचारिका होती आणि नर्सेसच्या हॉस्टेलवर राहत होती. थोरल्याच्या जगातल्या फळबागा तिने लावलेल्या होत्या.

नाना म्हणाले, "चपला काढ, आत ये. मला हाताखाली माणूस हवाच आहे. यंत्र कसं बघायचं ते शीक. खराब असलं तर तूच सांग मला."

अशा रीतीने धाकटा नानांचा शिष्य झाला. त्याला शिकवणे सोपे नव्हते. नानांनी एक दाखवावे तर तो दोन कळा दाबून मोकळा होई. पण समजले की त्याच्या तोंडावर ते लगेच दिसे, आणि गुरूला तेवढे पुरते. खोलीतले कोणते यंत्र किती राबते आहे हे पडद्यावर एका सरकत्या रेषेने दिसे. रेष खाली असली म्हणजे यंत्र निवांत, वर गेली म्हणजे ओझ्याखाली. धाकट्याने थोरल्याच्या जगाची रेष पाहिली. ती छताला टेकलेली होती.

"बघा," तो म्हणाला. "याहून मोठं कुठं मिळतं?"

तेव्हा नानांनी जे केले त्याने धाकटा चक्रावून गेला. खोलीच्या कोपऱ्यात, फळीवर, एक अगदी लहान यंत्र होते. शाळकरी पोरांनी दोघा-दोघांत खेळायला न्यावे असले. नानांनी मोठ्या यंत्रावरचे ते सगळे जग उचलले आणि त्या लहानग्या यंत्रावर नेऊन ठेवायला सुरुवात केली.

धाकट्याने त्यांचे मनगट धरले. "काय करताय? मरेल ते."

"हात सोड."

"नाना, ते दादाचं आहे."

"म्हणून तर करतोय. तुझ्या दादाची एक वीटही हलत नाही. फक्त खोली लहान केली. हात सोड, दुखतंय मला."

धाकट्याने हात सोडला. नानांनी काम पुरे केले. त्या लहान यंत्रात जग शिरले खरे, पण ते हलेना. नदीचे पाणी धारेतच थबकले. उडालेला पक्षी आकाशात टांगलेला राहिला. यंत्राचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला.

"आता सगळ्यांना फोन कर," नाना म्हणाले. "म्हणावं, बाहेर या. एकजणही आत नको."

धाकट्याने रेवणला फोन लावला. तो डेअरीवर रांगेत होता आणि रांग लांब असल्यामुळे मोबाइलवरून खेळात शिरायचा प्रयत्न करीत होता.

"बाहेर निघ म्हणतोस? अरे, आत कुठं शिरता येतंय? मी पायरीवरच उभा आहे. एक पाय आत, एक बाहेर. नाना काय करतायत काय?"

"लहान यंत्रावर टाकलंय सगळं."

"लहान?" रेवणने विचारले. "नानांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," नाना मागून म्हणाले. "पाय काढ पायरीवरचा."

एकेक जण बाहेर पडला. पडद्याच्या कोपऱ्यात आत असलेल्या माणसांची नावे दिसत, तिथे आता एकही नाव नव्हते. नानांनी धाकट्याला खुर्चीवर बसवले.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"रेष बघ."

रेष छताला होती. तसूभरही खाली आलेली नव्हती. पंखा तसाच घरघरत होता.

"मोठ्या यंत्रावर हे तुला जाणवलं नसतं," नाना म्हणाले. "तिथं आवाजच येत नाही. जगात एक माणूस नाही, कोणी दार उघडत नाही, कोणी नांगरत नाही. तरी हे बिचारं घामाघूम झालंय. हे कोणासाठी राबतंय, बाळ?"

धाकटा म्हणाला, "मी दगड ठेवलेत."

"कसले?"

"जागते दगड."

हे दगड काय असतात ते समजून घेतले पाहिजे. या खेळाची एक रीत आहे. जिथे खेळणारा माणूस असतो तेवढाच भाग यंत्र जागा ठेवते. माणूस दूर गेला की मागचा भाग जिथल्या तिथे थांबतो. पीक वाढायचे थांबते, पाणचक्की थांबते, गाय पाऊल उचललेली असली तर तशीच राहते. माणूस परतला की सगळे पुन्हा चालू होते. ज्यांना हे थांबणे नको असते, त्यांच्यासाठी खेळात एक विशेष दगड असतो. तो एखाद्या ठिकाणी ठेवला की तिथे कोणी असो वा नसो, ते ठिकाण सतत जागे राहते. जाणते लोक असा एखादाच दगड वापरतात. धाकट्याने तो पुलावर ठेवला होता, गावात प्रत्येक घरामागे ठेवला होता, बागांत, स्थानकांवर, डोंगरातल्या गोठ्यापाशी, थोरल्याला आवडणाऱ्या त्या कड्याच्या टोकावरही. मोठे यंत्र मिळाल्याच्या संध्याकाळी तर उरलेल्या जागाही त्याने जाग्या केल्या होत्या. आता पुरेसा आधार आहे, असे त्याला वाटले होते.

"का ठेवलेस?" नानांनी विचारले. आवाजात राग नव्हता.

"थांबतं ना सगळं." धाकटा खाली बघत बोलत होता. "दादा खेळायचा तेव्हा कुठं ना कुठं काहीतरी चालू असायचं. आता आम्ही पुलापाशी असतो तेव्हा तिकडं त्याची बाग थांबलेली असते. गाय उभी असते एक पाय वर करून. मला ते बघवत नाही, नाना."

"तू ती गाय पाहिलीस? पाय वर करून उभी असलेली?"

धाकट्याने मान वर केली.

"आठवून सांग. थांबलेली बाग तू कधी पाहिलीस?"

"नाही."

"का नाही?"

"मी गेलो की ती चालूच असते."

"कोणीच पाहू शकत नाही ती. तू जवळ जातोस त्या क्षणी गाय पाय खाली टेकते. जे कधी तुझ्या डोळ्यांपुढं आलंच नाही, ते तुला बघवत नाही, म्हणून तू त्या यंत्राला रात्रंदिवस राबवतोस. आणि जी माणसं खरोखर आत येतात त्यांना जिना चढता येत नाही."

मग नानांनी खुर्ची ओढली आणि ते त्याच्या शेजारी बसले. त्यांचे पुढचे बोलणे थोडकेच होते.

"ऐक. मोठ्या यंत्राला हात जास्त असतात, हे खरं. पण या खेळातल्या जगाचा रहाट एकाच हातानं फिरतो. तू मोठं यंत्र घेतलंस तर नऊ हात नुसते बसून राहतील आणि दहावा मोडेल. म्हणून यंत्राचं माप जग केवढं आहे यावरून ठरत नाही. जग कितीही पसरू दे, झोपलेला भाग एका कोपऱ्यात मावतो. माप ठरतं ते एका वेळी किती माणसं आत येतात आणि ती येतात तेव्हा किती जागं राहावं लागतं, यावरून. एक्स्चेंजमध्ये आमच्याकडं गावभर फोन होते. सगळं गाव एकाच क्षणी बोलू लागेल म्हणून आम्ही तारा ओढल्या असत्या, तर एक्स्चेंजच गावाएवढं झालं असतं. जो फोन ठेवलाय त्यातला माणूस काही मेलेला नसतो. घंटी वाजली की उचलतो."

धाकटा ताडकन म्हणाला, "दादा नाही उचलणार."



"नाही उचलणार," नाना म्हणाले. "तुझा दादा गेला. त्याला मी झोप म्हणणार नाही, आणि कोणी तसं म्हणालं तर तूही ऐकू नकोस. पण त्याची बाग झोपू शकते. बागेची झोप आणि दादाचं जाणं तू एकात एक कालवलंस. बागेला जागं ठेवून दादा परत येत नाही, आणि झोपू दिल्यानं तो आणखी जातही नाही. जाणारा पुरता गेलाय. राहिलं काय, तर त्याची मंडळी. ती रविवारी उठून जाणार आहेत."

मेलेल्या माणसाच्या कशालाही हात लावायचा नाही, असा एक हट्ट मागे राहिलेल्यांना धरतो. तो हट्ट प्रेमाचाच असतो. पण तो जागा फार खातो, आणि ज्या जागेत माणसांनी बसायचे ती जागा खातो. धाकट्याला हे त्या क्षणी पटले असे कोणी समजू नये. तो उठला आणि "मी एकही दगड काढणार नाही" असे म्हणून निघून गेला. नानांनी त्याला हाक मारली नाही.

तो बाजारपेठेपर्यंत गेला, तिथे उगाचच एका दुकानात शिरला, काही न घेता बाहेर आला. डेअरीवरून परतणाऱ्या रेवणचा टेम्पो त्याच्याजवळ थांबला.

"बस," रेवण म्हणाला.

धाकटा चढून बसला. रेवणने गाडी चालू केली नाही.

"नानांनी फोन केलेला. दगडांचं सांगितलं." रेवण पुढच्या काचेतून बघत होता. "आधीच सांगितलं असतंस तर मी हसलो नसतो."

"हसला असतास."

"थोडा." मग तो म्हणाला, "आम्हाला नवं जग नकोच आहे, धाकट्या. तुझ्या दादानं पहिला ठोकळा ठेवला तेव्हा मी शेजारी होतो. पण रोज संध्याकाळी जायचं आणि त्यानं बांधलेल्या पुलावरून नदीत पडायचं, हे किती दिवस करायचं? तिथं गेलं की त्याची आठवण यायला पाहिजे. आम्हाला आता फक्त राग येतो."

"गाडी नानांकडं घे," धाकटा म्हणाला.

शनिवारी दिवेलागणीला तिघेजण जगात उतरले. धाकटा नानांच्या खोलीतून, रेवण त्याच्या घरून, मेहजबीन हॉस्टेलवरून. यंत्र तेच लहान होते. नानांनी तसे मुद्दामच ठेवले होते. पाऊल टाकले की ते बऱ्याच वेळाने पडे. पहिला दगड पुलावरचा. धाकटा त्याच्यासमोर इतका वेळ उभा राहिला की जगच थांबले असे इतरांना वाटले.

"अडकलं का परत?" रेवणने विचारले.

"नाही," मेहजबीन म्हणाली. "तो अडकलाय. थांब जरा." मग ती सावकाश बोलली, जशी ती पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत असेल. "धाकट्या, आमच्या वॉर्डात आम्ही झोपेच्या वेळी दिवे घालवतो. पेशंट त्यानं जात नाहीत. उलट कुणी दिवा चालू ठेवला तर सगळा वॉर्ड तळमळतो. काढ तो."

धाकट्याने दगड काढला आणि पिशवीत टाकला. पुढे गावात गेले. एका घरामागचा काढला, दुसऱ्या घरामागचा काढला. एकेका दगडाबरोबर पंख्याची घरघर कमी होत गेली. बागेतला दगड त्याने मेहजबीनला काढू दिला नाही, स्वतः काढला. गोठ्यापाशी रेवण म्हणाला, "इथं दोन ठेवलेत."

"गाय होती म्हणून."

"गाईला दोन?"

"तिला वासरू आहे," धाकटा म्हणाला, आणि या वेळी तिघेही हसले. थोरला गेल्यापासून त्या जगात कोणी हसल्याचे धाकट्याला आठवत नव्हते.

कड्याच्या टोकावरचा दगड निघाला तेव्हा पंखा इतका हळू झाला होता की बाहेरच्या अंगणात नाना कोणाशी तरी बोलत होते ते आत ऐकू आले. पडद्यावरची रेष तळाशी येऊन पडली होती. त्या लहानग्या, शाळकरी पोरांच्या यंत्रावर थोरल्याचे सबंध जग उभे होते आणि नदी वाहत होती.

रेवण पुलावरून धावत सुटला. "बघा. पडलो नाही."

"पूल संपला नाही अजून," मेहजबीन म्हणाली.

नाना आत आले. त्यांनी रेष पाहिली. धाकट्याला म्हणाले, "आता माप सांग. केवढं यंत्र देऊ?"

हा प्रश्न त्याच माणसाला त्यांना पूर्वीही विचारता आला असता. पण तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नव्हते, नुसता आकांत होता. आकांताला नेहमी सगळ्यात मोठे माप लागते.

धाकट्याने विचार केला. हे त्याला नवे होते. "सात जण नेहमीचे," तो म्हणाला. "मेहजबीनच्या हॉस्टेलवरच्या मुली येतो म्हणतात, तिघी-चौघी. त्यांना बाग बघायचीय. रविवारी सगळे एकदम असतील. एखादा दगड मेहजबीनला ठेवावा लागेल, बागेतल्या कलमांसाठी. म्हणजे दादाच्या वेळचं माप थोडं अपुरं पडेल. त्याच्या वरची पायरी द्या."

"दादाचं माप बदलतोस?"

"दादाच्या वेळी एवढी माणसं नव्हती."

नानांचा चेहरा उजळला. "आणि ती चारशे?"

"आली तर पंगती करू," धाकटा म्हणाला. "एक उठली की दुसरी."

नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि यंत्र बदलायला त्यालाच सांगितले. त्याने ते एकट्याने केले, एकही कळ जास्त न दाबता.

रविवारी मंडळी जमली आणि कोणीही दुसरीकडे जाण्याचा विषय काढला नाही. हॉस्टेलच्या मुली आल्या. त्यांतली एक आल्या आल्या नदीत पडली, तर रेवणने तिला अनुभवी माणसाच्या थाटात बाहेर कसे यायचे ते समजावले. सगळे पुलापाशी गलका करीत असताना धाकटा आगगाडीत बसला. त्याला लोहमार्ग शेवटपर्यंत नीट चालतो का ते पाहायचे होते. शेवटचे स्थानक आले आणि गेले. गाडी थांबली नाही. रूळ पुढेही टाकलेले होते. त्या पुढचे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून तिथे त्याने कधी दगडही ठेवला नव्हता. थोरला गेल्यानंतर तिकडे कोणीच गेले नव्हते.

रूळ एका टेकडीखाली संपले. तिथे एक अर्धे घर होते. भिंती उभ्या होत्या, छप्पर झाले होते, खिडक्यांच्या चौकटी मोकळ्या होत्या. भिंतीशी एक भट्टी होती. धाकटा गाडीतून उतरला, आणि तो जवळ जाताच भट्टीत जाळ उठला.

तो जागच्या जागी थांबला. भट्टी कोणी पेटवली असे नव्हते. ती पेटलेलीच होती. पावसाळ्याआधी थोरल्याने तिच्यात वाळू घातली होती, खाली कोळसा घातला होता, आणि काच तयार व्हायच्या आत तो उठून गेला होता. जेवायला हाक आली असेल, किंवा अंग दुखू लागले असेल. तो गेला त्या क्षणी जाळ थांबला होता, वाळू अर्धी वितळून थांबली होती. इतके दिवस ती तशीच होती. आता पुन्हा वितळू लागली.

त्याच्या कानात रेवणचा आवाज आला. "कुठं आहेस? काय आहे तिकडं?"

"घर आहे," धाकटा म्हणाला. "दादा काचा करत होता. खिडक्यांना."

पुलापाशी चाललेला गलका थांबला. कोणीतरी मुलींना हळूच गप्प केले.

"झाल्या होत्या का?" रेवणने विचारले.

"आत्ता होतायत," धाकटा म्हणाला.

तो भट्टीपाशी उभा राहिला. एकेक काच बाहेर पडली तशी त्याने ती उचलली आणि एकेका चौकटीत बसवली. घाई केली नाही. वाळू संपली आणि जाळ विझला तेव्हा सगळ्या खिडक्या भरल्या होत्या. त्याच्या पिशवीत काढून आणलेले दगड होते. त्यांतला एक त्याने हातात घेतला, घराकडे पाहिले, आणि पुन्हा पिशवीत टाकला. मग तो गाडीत बसून पुलाकडे परत निघाला, जिथे माणसे त्याची वाट पाहत होती. त्याच्या मागे टेकडी, घर आणि त्याच्या काचा शांतपणे झोपी गेल्या.